हॉटेलच्या खोलीत उलट्या-जुलाब: साडेचार वर्षांच्या मुलीचं एक प्रकरण

सहलीतली दुसरी रात्र. एकच खोली, एक मोठा पलंग, शेजारी एक जादा गादी. आम्ही चौघं: मी, नवरा, नऊ वर्षांचा थोरला आणि साडेचार वर्षांची धाकटी. रात्री १:२० ला धाकटी उठून बसली, "आई, पोटात कसंतरी होतंय" म्हणाली आणि लगेच उलटी झाली. गादीवर, उशीवर, तिच्या केसांत, माझ्या हातांवर.

पुढचे अडीच दिवस आम्ही त्या हॉटेलात कसे काढले, काय जमलं आणि कुठे चुकलो, ते इथे मांडतेय. फोनशेजारी पडलेल्या हॉटेलच्या लेटरपॅडवर मी त्या रात्री वेळा लिहायला लागले होते. ती तीन पानं समोर ठेवूनच हे लिहितेय.

आजार तसा नेहमीचाच. घरी दोन्ही मुलांना अशा उलट्या झाल्या आहेत आणि घरी मी कधी कागद-पेन हातात घेतलं नाही. घरी गरज पडत नाही. तिचा पेला केवढा आहे, चमचा केवढा आहे, न्हाणीघराचं दार रात्री किती वेळा वाजलं, हे सगळं कान-डोळे आपोआप टिपत असतात. हॉटेलच्या खोलीत हे अंदाज साफ कोलमडतात. पेला परका, चमचा परका, पडदे असे जाड की पहाट झाली की नाही तेही कळत नाही. त्यामुळे घरी जे नुसतं लक्षात राहतं, ते तिथे मोजावं आणि लिहावं लागतं. या सगळ्या प्रकरणातून मला सांगायचंय ते मुख्यतः हेच.

आधीची परिस्थिती

वजन १६ किलो, महिन्याभरापूर्वी केलेलं. जुना कोणताही आजार नाही, रोटाव्हायरसची लस घेतलेली. रात्री आठला जेवायला बसलो तेव्हा तिने दोन घास खाऊन ताट सरकवलं. दिवसभर खेळून दमली असेल, असं आम्ही धरून चाललो. नऊला शू करून झोपली. हा नऊचा आकडा पुढे फार महत्त्वाचा ठरला. तो मला आठवला, कारण दात घासताना तिने कुरकुर केली होती. नाहीतर रात्रीची शेवटची शू कधी झाली हे कोण लक्षात ठेवतं?

पहिला तास आणि माझी चूक

उलटी झाल्यावर ती पाणी मागायला लागली. तोंड कडू झालेलं, घसा जळत असलेला. मी पेला भरून दिला, तिने तो घटाघटा प्यायला आणि १:४५ ला सगळं बाहेर आलं. उलटीनंतर पोटाला दहा-पंधरा मिनिटं उसंत द्यायची आणि मग चमच्याचमच्याने पाजायचं, हे मला माहीत होतं. पण मूल रडत पाणी मागत असतं तेव्हा माहिती एकीकडे राहते आणि हात पेल्याकडे जातो. दुसऱ्या उलटीत चादरींचा दुसरा थरही गेला.

तेव्हा मात्र आम्ही थांबलो आणि खोली आजारपणासाठी लावून घेतली. यात वीस मिनिटं गेली, पण त्या वीस मिनिटांनी पुढची रात्र सोपी केली. कचऱ्याच्या डब्यात पिशवी घालून तो तिच्या उशाशी ठेवला, कारण उलटी आली की तीन पावलांवरचं न्हाणीघरही लांब पडतं. मोठा टॉवेल दुहेरी घडी करून तिच्या उशीवर, दुसरा तिच्याखाली अंथरला. न्हाणीघराचा दिवा चालू ठेवून दार बोटभर उघडं ठेवलं, म्हणजे मोठा दिवा लावून तिला दर वेळी दचकवायला नको. तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती अनोळखी जागेची. "आपल्या घरी जाऊया ना" हे ती उलटीपेक्षा जास्त वेळा म्हणाली. डबा तिला दाखवला, "हा तुझा डबा, यातच करायचं, कुणी रागावणार नाही" असं सांगितलं. मग ती जरा शांत झाली. परक्याचं अंथरूण खराब केलं, याची लहान मुलांना फार लाज वाटते, हे मला त्या रात्री कळलं.

नवऱ्याने रिसेप्शनला फोन केला. आडपडदा न ठेवता सांगितलं, "मुलीला उलट्या होताहेत, चादरी, चार टॉवेल, कचऱ्याच्या पिशव्या आणि साबण हवाय. खराब चादरी वेगळ्या पिशवीत बांधून देतो, ज्यांच्या हातात जातील त्यांना हातमोजे घालायला सांगा." हॉटेलवाले नाराज होतील, दंड लावतील या धास्तीने पुष्कळ पालक चादर गुंडाळून कोपऱ्यात टाकतात. पण ती चादर सकाळी कुणीतरी उघड्या हातांनी उचलतं. त्या माणसाच्या घरीही मुलं असतात. चादर अशी लपवून टाकणं मला अजिबात पटत नाही.

ओआरएस: एक पुडी, एक लिटर

आमच्या औषधांच्या पिशवीत ओआरएसच्या दोन पुड्या होत्या. नवऱ्याने एक फोडली आणि पेल्यात ओतायला निघाला. मी हात धरला. पुड्या दोन मापांच्या मिळतात, एक लिटर पाण्यात कालवायची मोठी आणि २०० मिलीची लहान. आमची मोठी होती. ती पेलाभर पाण्यात कालवली असती तर मिठाचं प्रमाण चार-पाच पट झालं असतं, आणि लहान मुलाच्या रक्तात सोडियम असं एकदम चढणं ही गंभीर गोष्ट आहे. पुडीवर माप छापलेलं असतं, पण अंधारात, अर्धवट झोपेत ते वाचलं जात नाही. मोबाइलचा टॉर्च लावून वाचलं.

हॉटेलात एक लिटर मोजायचं कशाने? सीलबंद पाण्याची बाटली हे तिथलं सगळ्यात भरवशाचं माप, कारण तिच्यावर आकडा असतो. दोन अर्धा लिटरच्या बाटल्या रिकाम्या किटलीत ओतल्या, त्यात पुडी कालवली आणि परत बाटल्यांत भरलं. कालवलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं, म्हणून बाटलीवर २:०० असं लिहिलं. पुडी नसतीच, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण आहे. पण खोलीतल्या ट्रेवरचे चमचे कधी चहाचे असतात, कधी त्याहून मोठे, आणि मिठाची चूक महागात पडते. म्हणून पुडीच सोबत ठेवावी. मिनीबारमधलं फळांचं पेय किंवा कोला हा त्याला पर्याय नाही. त्यातली जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

साखर-मिठाच्या या पाण्यामागे केवढा इतिहास आहे, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात कालवून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातून पाजायला लावलं. तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला. नातेवाइकांच्या हातून, हे महत्त्वाचं. जमिनीवर बसून, घोटाघोटाने, न कंटाळता पाजणारं माणूस असेल तर हे औषध चालतं.

माप म्हणून औषधाच्या बाटलीबरोबर आलेली ५ मिलीची पिचकारी वापरली. दर दोन मिनिटांनी ५ मिली म्हणजे तासाला १५० मिली. ऐकायला थोडं वाटतं, पण हिशेब करून पाहिल्यावर मला धीर आला. प्रत्यक्षात ती पेंगत होती, मधे तोंड फिरवत होती, त्यामुळे पहिल्या तासात ६० मिलीच गेलं. कागदावर प्रत्येक पिचकारीला एक उभी रेघ, पाच रेघा झाल्या की आडवी काट. २:३० ला उलटी, ३:२५ ला उलटी. प्रत्येकीनंतर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू, आधीपेक्षा सावकाश. ४:५० ची उलटी शेवटची. ५:४० आणि ६:३० ला पाण्यासारखे जुलाब. जुलाब सुरू झाल्यावर हिशेब बदलतो. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला प्रत्येक पातळ जुलाबामागे १०० ते २०० मिली ओआरएस जादा द्यायचं असतं.

नवरा आणि मी दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या. दोघांनी मिळून जागायचं नाही, हे ठरवून केलं. दोघंही जागे राहिले असते तर सकाळी डॉक्टरांशी धड बोलायला कुणीच उरलं नसतं.

डॉक्टर कधी बोलवायचे

पावणेसातला मी कागद पाहिला. नऊनंतर शू नाही. पावणेदहा तास. आत गेलेलं पाणी सुमारे ३५० मिली, बाहेर गेलेल्या पाच उलट्या आणि दोन जुलाब. चेहऱ्याकडे पाहून मला वाटत होतं, बरी दिसतेय, आता झोपलीय, झोपू दे. आकडे वेगळं सांगत होते. आठ तास शू नसेल तर डॉक्टरांना दाखवायचं, असं आमच्या घरच्या डॉक्टरांनी मागे सांगून ठेवलं होतं. मी रिसेप्शनला फोन लावला.

याहूनही तातडीची काही लक्षणं असतात. ती दिसली तर खोलीवर डॉक्टर यायची वाट न बघता मुलाला उचलून थेट रुग्णालयात न्यायचं: हिरवी किंवा रक्ताची उलटी, शौचातून रक्त, मूल उठवूनही नीट जागं न होणं, रडताना डोळ्यांत पाणी नसणं आणि डोळे खोल गेलेले दिसणं, पोट फुगून कडक होणं किंवा सतत एकाच जागी दुखणं, मान आखडणं. तान्हं बाळ असेल तर सगळं आणखी झटपट बिघडतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस ताप आला तर एवढं एकच कारण पुरेसं आहे.

हॉटेलच्या यादीतले डॉक्टर ७:५० ला आले. त्यांनी विचारायला सुरुवात केली: किती उलट्या, कधीपासून, शेवटची शू कधी, वजन किती, काय काय दिलं? मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्या-उभ्या वाचला आणि मग पलंगाच्या कडेला बसून तिला तपासलं. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच जागेवर गेली. बोटाचं नख दाबून सोडलं, दोन सेकंदांच्या आत गुलाबी झालं. जीभ ओलसर. त्यांचं म्हणणं, पाणी थोडं कमी झालंय, पण धोक्याइतकं नाही, आणि पातळ जुलाबात शू मिसळून गेलेली कळतही नाही. उलट्या थांबवणाऱ्या औषधाचा एकच डोस त्यांनी समोर दिला. झिंकच्या २० मिग्रॅच्या गोळ्या लिहून दिल्या, दिवसाला एक, १४ दिवस. आणि एक स्पष्ट मर्यादा घालून दिली: दहापर्यंत शू झाली नाही तर सलाइनसाठी रुग्णालयात या. कुठल्या रुग्णालयात, रस्ता कोणता, मुलांचा विभाग किती वाजल्यापासून चालू, हे त्यांच्याकडूनच लिहून घेतलं.

जुलाब थांबवायची मोठ्या माणसांची गोळी नवऱ्याच्या पाकिटात होती. "अर्धी देऊ का?" असं त्याने विचारलं तेव्हा डॉक्टरांनी जोरात मान हलवली. लहान मुलांना ती द्यायचीच नाही.

९:१० ला धाकटी उठली आणि म्हणाली, "शू आलीय." गडद पिवळी, थोडीशी. मी कागदावर वेळ लिहिली आणि तिच्याभोवती गोल काढला. पानाच्या त्या जागी कागद जरा सुरकुतलाय.

बाटली तीच, औषध दुप्पट

साडेदहाला ताप ३८.६. मुलगी कुरकुरत होती, म्हणून पॅरासिटामॉल द्यायचं ठरवलं. घरून आणलेली बाटली पहिल्या उलटीच्या गोंधळात पडून फुटली होती. नवऱ्याने जवळच्या दुकानातून नवी आणली. तेच नाव, तसाच रंग. घरी तिला १० मिली देतो, म्हणून तो १० मिली भरायला लागला. मी लेबल वाचलं: ५ मिलीमध्ये २५० मिग्रॅ. आमच्या घरच्या बाटलीत ५ मिलीमध्ये १२० होतं.

हिशेब असा: किलोला १५ मिग्रॅ, म्हणजे १६ किलोला २४० मिग्रॅ. घरच्या बाटलीतून ते १० मिली, नव्या बाटलीतून पाच मिलीहून किंचित कमी. सवयीने १० मिली दिलं असतं तर ५०० मिग्रॅ, दुप्पट. दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. प्रवासात हे हमखास घडू शकतं, कारण गावोगावी, देशोदेशी एकाच औषधाची तीव्रता वेगळी मिळते. म्हणून मुलाचा डोस मिलीत पाठ करून ठेवू नये, मिलिग्रॅममध्ये लिहून ठेवावा. आयब्युप्रोफेन आम्ही मुद्दाम टाळलं. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना ते मूत्रपिंडांवर ताण आणतं. ॲस्पिरिन तर मुलांना तापात देऊच नये.

खोली, स्वच्छता आणि बाकीचे लोक

विषाणू कोणता, हे कुणी तपासलं नाही. लक्षणांवरून डॉक्टरांना नोरोव्हायरससारखं वाटलं. तो असेल असं धरूनच आम्ही वागलो. या विषाणूवर अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा फारसा उपयोग होत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. पर्समधली सॅनिटायझरची बाटली मी बाजूला ठेवून दिली, कारण ती हाताशी असली की हात धुवायचा आळस होतो. उलटी पुसताना आधी कागदी रुमालांनी टिपायची, पिशवीत बांधायची, मग क्लोरीनच्या द्रावणाने पुसायचं. नळ, कडी, फ्लशचं बटण आणि टीव्हीचा रिमोट. रिमोट सगळे विसरतात. आजारी मूल तासन् तास तोच हातात घेऊन पडलेलं असतं.

न्याहारीच्या हॉलमध्ये आमच्यातलं कुणीच गेलं नाही. मी आणि नवरा धडधाकट होतो, पण रात्रभर उलट्या पुसलेल्या हातांनी दोनशे लोकांच्या डावाला हात लावायचा, हे मनाला पटेना. जेवण खोलीच्या दाराशी ठेवायला सांगितलं. पोहण्याच्या तलावावरही जुलाब थांबून ४८ तास होईपर्यंत मुलांना पाठवायचं नाही, असं ठरवलं. लक्षणं थांबल्यावरही विषाणू अंगातून बाहेर पडतच असतो.

दुपारी धाकटीने भूक लागली म्हणून सांगितलं. उलट्या थांबल्या की मुलाला उपाशी ठेवायचं नसतं. साधं, नेहमीचं अन्न थोडं थोडं दिलेलं चांगलं. तिने चार घास खाल्ले आणि झोपली. तेव्हा मी पहिल्यांदा आंघोळ केली.

थोरल्याचं काय

या सगळ्यात थोरला भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपलाय असं आम्हाला वाटलं. सकाळी त्याने विचारलं, "ती मरणार नाही ना?" रात्रभर तो जागा होता. आजारी मुलाभोवती सगळी खोली फिरत असते आणि दुसरं मूल तीन हातांवर सगळं बघत असतं, ऐकत असतं. घरी तो स्वतःच्या खोलीत असता. ही चूक मी पहिल्या तासातल्या पाण्याच्या पेल्याहून मोठी मानते. काय चाललंय, हे त्याला रात्रीच दोन वाक्यांत सांगायला हवं होतं.

त्या दिवशी दुपारी आम्हाला हॉटेल सोडून पुढच्या गावी जायचं होतं, पाच तासांचा रस्ता. नवऱ्याचा कल घरी परतण्याकडे होता, तोही तेवढाच लांब. पण जुलाब चालू असलेलं मूल पाच तास गाडीत बसवायचं, दर दोन मिनिटांनी पाजणं बंद पडणार, वाटेत बिघडलं तर रुग्णालय कुठे ते माहीत नाही. इथे निदान डॉक्टर ओळखीचे झाले होते. आम्ही तिथेच दोन रात्री वाढवल्या आणि नवरा व थोरल्यासाठी शेजारची खोली घेतली. पुढच्या हॉटेलला डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला, त्यांनी तारखा बदलून दिल्या. म्हणून डॉक्टरांकडून तारखेची, सही-शिक्क्याची चिठ्ठी मागून घ्यावी. प्रवासविमा असेल तर पावत्यांसोबत तीच लागते.

या आजारात लागण झाल्यापासून १२ ते ४८ तासांत लक्षणं दिसतात. मी कागदावर धाकटीच्या पहिल्या उलटीपुढे ४८ तास मोजून खूण केली आणि थोरल्याच्या उशाशीही पिशवी घातलेला डबा ठेवला. या वेळी त्याला सगळं सांगितलं: कदाचित तुलाही होईल, झालं तर असं असं करायचं, पाणी घटाघटा प्यायचं नाही, दोन दिवसांत बरं वाटतं. त्याने लेटरपॅड मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चौतीस तासांनी, शेजारच्या खोलीतून नवऱ्याची हाक आली. मी धावत गेले. थोरला डबा मांडीत धरून बसला होता, चेहरा पांढराफटक. अंथरुणाला डागही लागलेला नव्हता. शेजारी पॅड होतं आणि त्यावर वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: ११:३५. उलटी. १. शेवटची शू ९:४०.